शेंड्यावरच्या वानरीचे दुखणे

डोंगर उतरून जंगल जिथे कुरणाला मिळते, तिथे एका जुन्या ऐनाच्या झाडावर वानरांची एक टोळी नांदत होती आणि त्याच झाडाखाली चितळांचा एक कळप चरत होता. दोघांमध्ये फार जुना करार होता. वानरांनी वरून नजर ठेवायची, चितळांनी खालून वास घ्यायचा. वानरे जेवढे खातात त्याहून जास्त सांडतात, त्यामुळे वरून पडलेल्या पाल्यावर कळपाची अर्धी पोटे भरत. बिबट्या दिसला की शेंड्यावरचे वानर ओरडून इशारा देई आणि इशारा कानावर पडला की सगळ्यांनी ओढ्यापर्यंत धूम ठोकायची, असा नियम होता. खरे की खोटे याचा विचार करत उभे राहायचे नाही. विचार करत उभे राहिलेले चितळ बिबट्याला किती आवडते, हे मुलांनो, तुम्हाला सांगायला नको.

शेंड्याच्या फांदीवर बसणे हा टोळीतला सर्वांत मोठा मान. तो एका वेळी एकालाच मिळे. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तिथून हलायचे नाही, आणि एक दिवस जरी खाडा झाला तरी फांदी कायमची गेली. टोळीचा म्होरक्या हुप्प्या सकाळ-संध्याकाळ हजेरी घेई आणि हजेरी झाली की छाती फुगवून म्हणे, "आपल्या झाडावर आजवर कुणी आजारी पडलेलं नाही." तसे ते खरेच होते. जो आजारी पडे त्याचे नाव हजेरीतून निघे, मग आजारी म्हणून मोजायला उरणार कोण? पण हुप्प्याला हा हिशेब सुचवण्याची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी शेंड्यावर एक वानरी बसत होती. नजर अशी तीक्ष्ण, की ओढ्यापलीकडचा सरडा तिला दिसे. एका दुपारी कान खाजवायला तिने क्षणभर मान वळवली, आणि वळून पाहते तो बिबट्या पाणवठ्यावरच्या एका हरिणीपासून दोन उड्यांवर आलेला. ती जिवाच्या आकांताने ओरडली. हरिणी थोडक्यात वाचली. सगळ्यांनी वानरीचे कौतुक केले, हुप्प्याने तर पाठ थोपटली. आपल्याला उशीर झाला होता, हे फक्त तिला एकटीला ठाऊक होते आणि ते तिने कुणाला सांगितले नाही.

त्या दिवसापासून बिबट्या तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. पानगळीचे दिवस होते. सागाचे वाळके पान खाली पडले की ती ओरडे. ढगाची सावली कुरणावरून सरकली की ओरडे. एकदा तर ती वर्षानुवर्षे तिथेच असलेल्या एका दगडाकडे बघून ओरडली. दिवसातून सात-सात, आठ-आठ वेळा कळप ओढ्यापर्यंत पळे आणि धापा टाकत परत येई. कुणी तिला बोल लावला नाही, कारण इशारा झाला की पळायचे हा नियमच होता. पण गवत गुडघाभर वाढले तरी ते खायला चितळांना उसंत मिळेना. त्यांच्या फासळ्या दिसू लागल्या, पाडसांना दूध पुरेनासे झाले. वानरी हे सगळे वरून बघत होती आणि तिला मेल्याहून मेल्यासारखे होत होते.

शेवटी एका संध्याकाळी ती हुप्प्याकडे गेली. म्हणाली, "दादा, मला बरं वाटत नाहीये."

"हजेरीला होतीस ना?" हुप्प्याने विचारले.

"होते."

"मग बरी आहेस. जी कामावर आली ती बरी, इतकं सोपं आहे. तरी शंका असेल तर बगळ्याला दाखवून ये."

बगळा चितळांच्या पाठीवर उभा राहून गोचिडी काढत असे आणि त्या बळावर कळपाचा वैद्य झाला होता. कामात तो खरोखर वाकबगार होता, एवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे. त्याने वानरीचे डोळे तपासले, कानात डोकावले, जीभ बाहेर काढायला लावली, चारही पाय आणि शेपटी ओढून पाहिली.

"त्या दगडावरची मुंगी दिसते का?" त्याने विचारले.

"दिसते. तिच्या तोंडात दाणा आहे, तोही दिसतो."

"झालं तर मग. तू ठणठणीत आहेस. अगं, दुखणं म्हणजे चोचीत धरून बाहेर काढता आलं पाहिजे. मला तुझ्यात धरायला काही सापडत नाही. आजारी बघायचं असेल तर ती बघ." बगळ्याने एका म्हाताऱ्या हरिणीकडे चोच केली. तिचा मागचा एक पाय जुन्या जखमेने आखडला होता आणि ती लंगडत चालत होती. "माझ्याकडच्या आजाऱ्यांत पहिली तीच. सहा वर्षं झाली, पाय सरळ व्हायचं नाव नाही."

वानरी तिथून निघाली ती तळ्याकाठच्या कासवाकडे गेली. कासव विचारवंत म्हणून प्रसिद्ध होते. फार हळू बोलत असल्यामुळे ते फार खोल बोलते, असा सगळ्यांचा समज होता. तिने विचारले, "आजोबा, निरोगी कुणाला म्हणायचं?"

"साठ वर्षं मी याच प्रश्नावर विचार करतोय," कासव म्हणाले.

"मग काय निघालं?"

"प्रश्न फार चांगला आहे, असं निघालं." कासवाने डोळे मिटले आणि उघडले. "जो कशानेच हलत नाही, तो निरोगी. बिबट्या येवो, वणवा येवो, मन शांत. माझ्याकडे बघ आणि तशी हो."

"पण आजोबा, तुमच्या पाठीवर कवच आहे. माझ्या पाठीवर काय आहे?"

कासवाने या मुद्द्यावर थोडा विचार केला, तो त्याला अडचणीचा वाटला, आणि ते कवचात गेले.

दुसऱ्या दिवशी वानरी पुन्हा शेंड्यावर बसली. दुपारी गवत हलले, ती ओरडली, कळप पळाला. वाऱ्याने हलले होते. शरमेने खाली बघत असताना तिची नजर त्या लंगड्या हरिणीवर गेली. तीन पायांवर उड्या मारत ती सगळ्यांत शेवटी ओढ्याला पोचली होती. तिथे ती थांबली, कान टवकारले, हवेत नाक धरले. मग सबंध अंगाचे कातडे थरथरवून तिने झटकले, मान खाली घातली आणि शांतपणे गवत खाऊ लागली. धडधाकट चितळे अजून थरथरत उभी होती. वानरी बघतच राहिली. संध्याकाळी पहारा संपताच ती झाडाखाली आली.

"मावशी, तुला भीती नाही वाटत?" तिने हरिणीला विचारले.

"वाटते की. तू ओरडलीस की माझा जीव घशात येतो. मला तर नीट पळताही येत नाही."

"मग लगेच चरायला कशी लागतेस?"

"भीती येते, तसं तिला जाऊही द्यावं लागतं. ती गेली की भूक लागते. मी काही जास्त करत नाही गं." हरिणीने तिच्याकडे नीट पाहिले. "तुझी गेलेलीच दिसत नाही. जाणार कुठून? एक जायच्या आत तू दुसरीची वाट बघत बसतेस. शेवटची पोटभर कधी जेवलीस?"

वानरीला आठवेना. बगळ्याच्या आजाऱ्यांत पहिली असलेली ही हरिणी टोळीत आणि कळपात मिळून सगळ्यांत निरोगी आहे, आणि ठणठणीत ठरलेली आपण आजारी आहोत, हे तिला कळून चुकले. कळले तेव्हा तिला वाईट वाटले नाही, उलट हायसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला ती उभी राहिली आणि सर्वांसमोर म्हणाली, "मी आज शेंड्यावर बसणार नाही. मी आजारी आहे."

स्वतःबद्दल हा शब्द त्या फांद्यांवर आजवर कुणी उच्चारलेला नव्हता.

"कुठं दुखतंय?" हुप्प्याने विचारले.

"कुठंच नाही."

"बगळा काय म्हणाला?"

"ठणठणीत आहेस म्हणाला."

"मग आजार आला कुठून?"

"दादा, काल मी आठ वेळा ओरडले. बिबट्या एकदाही नव्हता. माझे डोळे चांगले आहेत, पण ते जे दाखवतात त्यावर आता माझाच भरवसा राहिलेला नाही. माझं दुखणं माझ्या अंगावर दिसत नसेल तर खाली बघा. त्या फासळ्यांवर दिसतंय."

"एकदा उतरलीस की ही फांदी तुला परत मिळायची नाही," हुप्प्या म्हणाला. "नियम आहे."

"माहीत आहे," वानरी म्हणाली आणि खाली उतरली. तो मान तिला मनापासून हवा होता, आणि तो आपल्या हातांनी टाकून देताना तिला रडू आले.

"पहारा म्हणजे काय असतो ते मीच दाखवतो," असे म्हणून हुप्प्या स्वतः शेंड्यावर जाऊन बसला. पहिले तीन दिवस त्याने ऐटीत काढले. चौथ्या दिवशी बगळ्याची सावली बघून तो ओरडला. कळप असा उधळला की पाठीवर गोचिडी काढत असलेला बगळाच चिखलात जाऊन पडला. पाचव्या दिवशी पानांआड लोंबणारे काहीतरी लांबलचक बघून हुप्प्या पुन्हा ओरडला. ती त्याची स्वतःची शेपटी होती. हे सगळ्यांनी पाहिले आणि कुणी हसले नाही, यावरूनच टोळीला त्याचा किती धाक होता ते समजावे.

इकडे वानरी हरिणीच्या सोबतीने खाली राहत होती. पहिल्या दिवशी ती सवयीने तीनदा दचकून उठली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला गाढ झोप लागली. पाचव्या दिवशी तिने पोटभर पाला खाल्ला आणि आणखी मागितला. त्याच संध्याकाळी हुप्प्या खाली उतरून तिच्याशेजारी येऊन बसला.

"पहिल्या दिवशी मी बिबट्या शोधत होतो," तो म्हणाला. "आता मी बिबट्या नाही याची खात्री शोधत बसतो. ती काही सापडत नाही."

"ती एकट्याला सापडतही नाही, दादा. पहारा वाटून घेऊ या. पाळी लावू. आणि एकदा ओरडलं की, इशारा खरा असो नाहीतर खोटा, ओरडणाऱ्यानं खाली यायचं आणि दुसऱ्यानं वर जायचं."

"अशानं शेंड्याचा मान कमी होईल."

"होऊ दे. दूध वाढेल."

हुप्प्याने समोरच्या चितळांकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. दुसऱ्याच दिवसापासून पाळ्या सुरू झाल्या. जो सकाळी "मला आज बरं नाही" म्हणेल त्याची पाळी दुसऱ्याने घ्यायची आणि बरा झाला की त्याने ती परत घ्यायची, असेही ठरले. काही जण याचा गैरफायदा घेतील अशी हुप्प्याला भीती होती. एक-दोघांनी घेतलाही. पण खोटे इशारे थांबले आणि महिन्याभरात कळपाच्या फासळ्या दिसेनाशा झाल्या.

मग एका सकाळी वानरीच्या पाळीत करवंदीच्या जाळीमागे काहीतरी पिवळसर दिसले. पान असेल का? ऊन असेल का? पूर्वी शंभर वेळा पान आणि ऊनच निघाले होते, आणि पुन्हा तसेच निघाले तर सगळे काय म्हणतील, हा विचारही मनात येऊन गेला. पण आता ती जेवलेली होती, झोपलेली होती, आणि आपले डोळे आपल्याशी खोटे बोलत नाहीत याची तिला खात्री होती. ती ओरडली. जाळीतून बिबट्या बाहेर पडला तेव्हा कळप ओढ्यावर पोचला होता. सगळ्यांच्या मागे, तीन पायांवर, हरिणीही पोचली. बिबट्याने वर झाडाकडे एक रागीट नजर टाकली आणि तो आल्या वाटेने निघून गेला.

ठरल्याप्रमाणे दुसरे वानर शेंड्यावर गेले आणि वानरी खालच्या बेचक्यात आली. तिचे काळीज अजून धडधडत होते. तिने अंग झटकले, थोडा पाला खाल्ला आणि तिथेच बसल्या बसल्या झोपी गेली. संध्याकाळी हजेरी सुरू झाली तरी तिला जाग आली नाही. एकाने तिला हलवायला हात पुढे केला, तर हुप्प्याने तो धरला. त्या संध्याकाळची हजेरी त्याने हळू आवाजात घेतली.

गोष्टीचे तात्पर्य : भीती, थकवा आणि दुखणे कुणालाच चुकत नाही. त्यातून पुन्हा आपल्या घासाकडे आणि झोपेकडे परतता येणे, यालाच आरोग्य म्हणावे. आणि जिथे कुणाला परतायला उसंतच मिळत नाही, तिथे सगळे हजर असले तरी सगळे आजारीच असतात.