कोंडबा माळ्याची मडकीवेल

ऐका. लहान असाल तर मांडी घालून ऐका, म्हातारं असाल तर भिंतीला टेकून ऐका, पर मधी बोलू नका. गोष्ट लई जुनी हाय. तवा डोंगरावर आठ-आठ महिनं धुकं बसायचं, आन् डोंगराच्या पायथ्याला एका राजाचं राज्य व्हतं.

त्या राजाच्या बागंत कोंडबा नावाचा माळी व्हता. कलमं बांधावीत तर त्येनंच. गावठी गुलाबाच्या खुंटावर त्यो निराळ्या गुलाबाचा डोळा, म्हंजी फुटायचा कोंब, असा भरायचा, की झाडालाबी कळत नसंल आपलं अंग कुटं संपलं न् परक्याचं कुटं सुरू झालं. पर मानूस तापट. कुनी एक शब्द शिकवायला गेलं की ह्येचं टाळकं फिरलंच.

"कलमं मी बांधतो का तू?" एवढंच म्हनायचा, आन् समोरचा गप.

कोंडबाची बायको सारजा. पोरबाळ नव्हतं, दोघंच. सारजा देवळासाठी हार गुंफायची. एका सालाला तिच्या डोळ्यांची आग व्हायला लागली. आदी आग, मंग धूर. चुलीपुढं बसल्यावानी समदं धुरकट दिसायचं. एक दिवस तिनं मोगऱ्याच्या हारात वाळकी पानं गुंफली, आन् तिला त्ये कळलंच न्हाई. कोंडबाला कळलं. त्येनं हार हळूच उसवला न् पुन्यांदा गुंफला. मानूस तापट व्हता, पर बायकोवर जीव व्हता त्येचा. तेवढं त्येच्या पदरात टाकलंच पायजे.

वैद्यांनी हात टेकलं. मंग एका धनगरानं सांगितलं, "माथ्यावर एक म्हातारी राहती. तिच्याकडं डोळ्याचं पानी हाय."

कोंडबा डोंगर चढला. माथ्यावर मातीत कस न्हाई, नुसता मुरूम न् शेवाळ. त्या भिकार जागंत म्हातारीच्या झोपडीभवती एक नवलाची वेल वाढलेली. शिकलेली लोकं तिला घटपर्नी म्हनत्यात, डोंगरातली लोकं मडकीवेल म्हनायची. पानाच्या टोकाला दोरी सुटलेली, दोरीच्या टोकाला मडकं, मडक्याला झाकन. मडकी गरगरीत, लालभडक, पोटावर दोन केसाळ झालरी. झाकन उघडं असंल त्या मडक्यात मुंग्या घसरत व्हत्या, आन् आत गेलेली एकबी माघारी येत नव्हती.

म्हातारी म्हनली, "झाकन उघडायच्या आदी आत जे पानी असतं ना लेका, त्येला अजून किड्याचा पाय लागलेला नसतो. बाभळीच्या काट्यानं टोचायचं, शिंपल्यात धरायचं, रोज सकाळी दोन थेंब डोळ्यात. पंधरा दिवसाला एक मडकं भरंल. तीन वर्सं न चुकता घाल, धूर कायमचा जाईल. मधीच खंड पडला तर मातूर आंधार. मंग कुनाच्या बापाला उपाय न्हाई."

"दे मंग रोप."

"देते की. पर नेम ऐक. खत घालायचं न्हाई, ही उपाशीपोटीच जगती. तुज्या विहिरीचं पानी चालायचं न्हाई, पावसाचंच पायजे. आन् मुळीला हात लावायचा न्हाई. केसावानी असती, तुटली की संपलं. आता आजचा दिस ऱ्हा हितं. उद्या धुकं हटलं की तुला कड्यावरची जुनी वेल दाखवते. तिची नीट वळख करून घे, मंगच ने."

"वळख काय करायची आजे? मडकं हाय, झाकन हाय. माळी हाय मी. वेली वळखन्यात हयात गेली."

"रोप वळखतोस लेका. वेल न्हाई वळखत."

"घरी बायको आंधळी व्हाया लागलीय, आन् तू मला कडं दाखवत बस!" असं खेकसून त्येनं बांबूच्या नळीतलं रोप काखंत मारलं न् उतरायला लागला. म्हातारी मागनं काहीतरी ओरडत व्हती. ह्यो गडी थांबला न्हाई. एक दिस. नुसता एक दिस मागितला व्हता तिनं.

घरी येऊन कोंडबानं पडवीत मांडव केला. कुंडीत कोळसा, काथ्या न् शेवाळ भरलं. भवतीनं ओली गोनपाटं टांगली, म्हंजी हवा डोंगरावानी गार राहील. पावसाचं पानी साठवायला चार रांजन मांडलं. पर मुळातला माळी त्यो! चौथ्याच दिशी शेनकाल्याचा डबा घेऊन कुंडीपुढं बसला.

सारजा म्हनली, "अहो, काय चाललंय?"

"वाईच खाऊ घालतो. बघ कशी हडकुळी हाय."

"म्हातारीनं काय सांगितलंय?"

"एक पळीभर गं!"

"तुमाला उपाशी मानूस बघवत न्हाई, ठावं हाय मला. पर हिला उपास हाय. ठेवा त्यो डबा."

त्या दिवशी त्येनं ऐकलं. डबा ठेवला. आन् बगा, मडकी लागली. पंधरा दिवसाला एक. सारजाच्या डोळ्यात रोज सकाळी दोन थेंब पडायला लागलं. आदी आग थांबली. मंग धूर पातळ झाला. एका सकाळी तिनं कुनाला न इचारता सुई ओवली, आन् सुई हातात धरून हसत बसली.

हितंच थांबला असता तर काय बिघडलं असतं? न्हाई थांबला. राजवाड्यात जाऊन छाती फुगवून सांगत सुटला, "वैद्यांचं काम माळ्यानं केलं!" झालं. राजाच्या सरदारापासनं गल्लीतल्या तेल्यापर्यंत समदं गाव डोंगरावर पळालं. ज्येचं डोळं दुखत व्हतं त्यो गेला, ज्येचं दुखत नव्हतं त्योबी गेला. वेली उपटून आनल्या न् ज्येच्या त्येच्या पडवीत टांगल्या. कुनी लेंडीखत घातलं, कुनी विहिरीचं पानी वतलं, कुनी भर उन्हात ठेवली. महिन्याभरात समद्या काळ्या पडून गळाल्या. डोंगराचा माथा उघडा बोडका झाला. म्हातारी कुटं गेली, जगली का मेली, कुनी इचारलंबी न्हाई.

आता त्या राज्यात एकच मडकीवेल राहिली. कोंडबाच्या पडवीतली.

दुसरं साल लागलं. वेल पुरुषभर वाढली, मांडवाच्या बांबूला येटोळं घालून वर चढली. आन् वर गेल्यावर तिला निराळीच मडकी यायला लागली. बारीक, लांबडी, हिरवी, बकऱ्याच्या शिंगावानी. ना लाल रंग, ना पोट, ना झालर. त्येच येळंला बुडाशी, अगदी मातीलगत, एक नवा कोंब फुटला. त्या कोंबाला मातूर तीच जुनी मडकी, लाल न् गरगरीत.

कोंडबानं वर बघितलं, खाली बघितलं, आन् त्येच्या कपाळावरची शीर उडाली.

कलमं बांधनाऱ्याला एक खोड असती. गुलाबाचं कलम केलं आन् त्येच झाडावर निराळ्या पानाची फूट दिसली, की ती रानटी खुंटाची फूट. ती पोसली तर कलमाचं सगळं बळ खाती. म्हनून बुडापासनं काढायची, दया करायची न्हाई. तीस वर्सं कोंडबा ह्येच करत आलेला. त्येला वाटलं, हितंबी तसंच झालंय. म्हातारीनं दिलेलं अस्सल रोप त्ये खालचं लाल. ही वरची हिरवी कुनीतरी परकी घुसलीय न् माझ्या वेलीचा जीव पितीय.

त्या दिशी शिंपल्यातलं पानी संपलेलं. खालची लाल मडकी अजून भरली नव्हती, पर वर एक हिरवं मडकं बंद झाकनानं भरून लोंबत व्हतं. सारजा म्हनली, "त्ये काढा की. आज थेंब घालायचं ऱ्हायलंत."

"त्ये रानटी हाय. तसलं पानी तुज्या डोळ्यात वतू व्हय?"

"रानटी कशावरनं?"

"दिसतंय ना धडधडीत! ह्ये लाल, त्ये हिरवं. ह्ये जाड, त्ये बारीक."

सारजा उठली. तिला अजून लांबचं धड दिसत नव्हतं, म्हनून ती चाचपत मांडवापाशी आली. एका हातात खालचं मडकं धरलं, दुसऱ्या हातात वरचं. बोटं फिरवली. हार गुंफनाऱ्या बाईची बोटं ती, कळी किती दिसाची हाय त्ये सांगनारी.

"अहो, हितं बघा. झाकन जितं मडक्याला जोडलंय ना, तितं पाठीमागं बारकी शेपटी हाय, काट्यावानी. ह्येलाबी हाय, त्येलाबी हाय. दोन्हीला टोकाशी फाटलेली. आन् तोंडाच्या काठावर रेघा, दोन्हीच्या सारख्याच. अंग निराळं असंल, पर ह्ये एकच हाय. मानसाचं न्हाई का, तान्ह्याचं गाल निराळं, म्हाताऱ्याचं निराळं?"

कोंडबानं वाकून बघायला पायजे व्हतं. शेपटी व्हती तितं. त्येच्या धडधाकट डोळ्यांना सहज दिसली असती. पर त्यो वाकलाच न्हाई.

"तुला दिसत न्हाई, आन् तू मला शिकवतीस?" त्यो म्हनला.

सारजानं मडक्यांवरचं हात काढलं. मंग म्हनली, "दोन दिस थांबा. नीट बघा. म्हातारी असती तर तिला इचारलं असतं, पर डोंगरावर आता काय ठेवलंय?"

"दोन दिसात ही समदं बळ पिऊन टाकंल," त्यो म्हनला, आन् कोपऱ्यातलं खुरपं उचललं. "मुळासकट काढतो."

"अहो, मुळीला हात लावू नका म्हनली व्हती ती!"

"तुज्या वेलीच्या मुळीला न्हाई गं! परकीच्या."

सारजा उंबऱ्यावर बसली. दुपार व्हती, ऊन गोनपाटांवर पडलेलं. तिला फकस्त खुरप्याचा आवाज ऐकू येत व्हता. शेवाळ बाजूला झालं, कोळसा खरवडला. कोंडबा हिरव्या वेलीचा दांडा धरून खाली-खाली उकरत निघाला. दोन बोटं, चार बोटं, ईतभर. आन् एकाएकी खुरप्याचा आवाज थांबला.

"काय सापडलं?" सारजानं इचारलं.

कोंडबानं खुरपं खाली ठेवलं.

"अहो, बुडं किती हाईत?"

कोंडबाच्या मुठीत हिरव्या वेलीचा दांडा व्हता. त्येच दांड्याच्या बुडाला, पोर कडंवर बसल्यावानी, लाल मडक्यांचा कोंब चिकटलेला व्हता. दोघांच्या खाली काळ्या केसांवानी एकच मुळी व्हती. आन् ती मुळी तुटून त्येच्या बोटांना माखली व्हती.

"एक," त्यो म्हनला.

त्येनं काय-काय केलं न्हाई! वेल पुन्यांदा लावली, सावली केली, रांजनातलं पानी तळहातानं शिंपडलं, डोक्यावरची पगडी काढून कुंडीपुढं नाक घासलं. वेल ह्यो तमाशा बघायला थांबली न्हाई. आदी वरची पानं मऊ पडली. मंग मडकी पिचली. शेवटी ज्या कोंबासाठी एवढं केलं, त्यो लाल कोंबबी काळा पडला. हिरव्या बंद मडक्यात जे पानी व्हतं, त्ये त्येनं त्याच दिशी शिंपल्यात काढून सारजाच्या डोळ्यात घालायला घेतलं व्हतं. डोळ्याला गार लागलं, अगदी पहिल्यावानी. पंधरा दिस पुरलं.

सोळाव्या दिशी शिंपला कोरडा.

कोंडबा डोंगरावर गेला. नुसता मुरूम. म्हातारीच्या झोपडीची मेढ तेवढी उभी व्हती. कड्याच्या टोकाला, कुनाचा हात पोचला नसंल अशा जागी, एक वाळलेली वेल लोंबत व्हती. म्हातारी म्हनली व्हती तीच. बुडाशी गरगरीत मडक्यांची सालटं, वर लांबड्या मडक्यांची. एकाच दांड्यावर. एक दिस थांबला असता, तर त्येला ह्येच दिसलं असतं.

सारजाचा धूर परत आला. मंग धुराचा आंधार झाला. दिवाळीच्या आत तिची नजर पुरती गेली.

ती रडली न्हाई, भांडलीबी न्हाई. एकदाच म्हनली, "माझं ऐकलं असतं तर तुमचं लई काय गेलं नसतं."

पुढं राजानं लई बोलावलं, पर कोंडबानं परत कलम बांधलं न्हाई. सारजा मातूर हार गुंफत राहिली, बोटांनी. कोंडबा तिच्याजवळ बसून सुईत दोरा ओवून द्यायचा. सुईचं बारीक भोक त्येला म्हातारपनीसुदीक लख्ख दिसायचं. त्येची नजर मरेस्तवर शाबूत राहिली. तेवढीच शिक्षा त्येला पुरून उरली.

ध्यानात ठेवा: आपलंच खरं म्हननाऱ्याला आपल्या चुकीची किंमत भरावी लागत न्हाई, ती त्येच्या जिवाच्या मानसाला भरावी लागती.