राक्षसाची झोप

फासे टाकून खेळायच्या साहसाच्या खेळात पराशर जग आणि त्यातले राक्षस चालवायचा, नियमही तोच ठरवायचा, आणि त्याचा त्याला भारी तोरा. एका रविवारी त्याने फर्मान काढलं, "खेळातल्या कालच्या रात्रीपासून उघड्यावरची झोप धरणार नाही. छपराखाली झोपलात तरच जखमा भरतील. माझ्या जगात सगळ्यांना हाच नियम!"

खेळणारे चौघेही हिरमुसले. त्यांचे वीर जखमी, गाव लांब आणि अर्धमेला राक्षस मागावर.

त्यांच्यातल्या इरावतीला मात्र वेगळंच कुतूहल. "पऱ्या, काल राक्षस कुठे झोपला रे?"

"माळावर. तुमच्या मागेच."

"छपराखाली?"

"नाही," म्हणत पराशरने फासा खाली ठेवला.

"मग पळायचं कशाला? फिरा रे मागे!" इरावती म्हणाली. "त्याच्याही जखमा भरलेल्या नाहीत. जखमी आपण चौघं आहोत, तो एकटाच."