घासदगड

चर्चच्या मागच्या टेकडीवर तो पाटासारखा सपाट दगड दिसतो ना, त्यावर बसू नका. आमच्या मिशनवाडीत त्याला घासदगड म्हणतात. पावसाळ्यात सगळी टेकडी हिरवी होते, पण खालून दगडापर्यंतच्या वाटेवर गवताची काडी उगवत नाही. ती वाट एका बाईच्या टाचांनी पडलेली आहे, आणि ती बाई काही मायेनं चढत नव्हती.

रिबकाबाई तिचं नाव. दुष्काळात आईबाप गेले तेव्हा चार वर्षांची पोर बाभळीखाली पडलेली, हात उचलायचं बळ नाही. मिशनातल्या स्वयंपाकीणबाईनं तिला बोटानं पेज चाटवून जगवलं, असं सांगतात. मोठेपणी रिबका म्हणायची, "मी न मागता देवाच्या हातून जेवलेली बाई आहे."

तिचा नवरा थोमा. त्याचा धाकटा भाऊ इमान्वेल, त्याला सगळे इमान्या म्हणत. शेताच्या बांधावरून भावाभावांत जुंपली आणि इमान्यानं भर दुपारी थोमाचं छप्पर पेटवलं. थोमा आत झोपलेला होता, तो तिथंच जळून गेला. सगळ्या वाडीला ठाऊक, पण साक्षीला एक माणूस पुढं आला नाही. त्या रविवारी इमान्या पुढच्या बाकावर बसून गाणी म्हणत होता म्हणे, सगळ्यांत मोठ्या आवाजात.

चर्चमध्ये सगळ्यांना वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर समोर आली तशी रिबकानं ती परतवली. म्हणाली, "हा मेला माझ्यापुढं घासासाठी तोंड वेंगाडील, तेव्हाच मी या भाकरीला हात लावीन."

पाळकबाबा म्हणाले, "बाई, सूड घेणं देवाचं काम."

"मग त्याला सांगा, उशीर करू नको."

बारा वर्षं ती शेवटच्या बाकावर उपाशी बसली. मग इमान्याला महारोग झाला. त्या काळी लोक भ्यायचे. बायकोनंच त्याला टेकडीवर घालवला. ही बातमी ऐकली त्या दिवशी रिबकानं बारा वर्षांत पहिल्यांदा डोक्याला तेल लावलं, असं सांगतात. गरम भाकरी थापली, वर ठेचा घेतला आणि टेकडी चढली.

इमान्या या दगडापाशी बसला होता. म्हणाला, "वहिनी, घास दे."

"मोठ्यानं माग."

"वहिनी, घास दे गं!"

तिनं भाकरी दगडावर फेकली. "उचल."

त्यानं हात पुढं केले. बोटं राहिली नव्हती. मग तो वाकला आणि दगडाला तोंड लावून कुत्र्यासारखा खाऊ लागला. हेच बघायला तर ती आली होती! पण तिची नजर त्या हातांवरून हलेना. बाभळीखाली आपलेही हात असेच पडले होते, आणि तेव्हा तिला कोणी 'उचल' म्हणालं नव्हतं. रडू नाही आलं तिला. राग आला, देवाचाच.

"मान वर कर," ती ओरडली. "माझ्या नवऱ्याचा भाऊ आहेस, कुत्रा नाहीस." घास मोडला आणि त्याच्या तोंडात कोंबला.

पुढच्या रविवारी तिनं प्रभुभोजन घेतलं. शपथ फिटली, तरी नऊ वर्षं ती रोज चढत राहिली. शिव्या देत जखमा धुवायची, ठेचा मुद्दाम जहाल करायची म्हणे. पाळकबाबांनी विचारलं, "माफ केलंस का त्याला?" ती म्हणाली, "ते मला जमत नाही. घास भरवायला जमतं."

आजही हंगामाच्या सणाला नव्या बाजरीची भाकरी घेऊन आम्ही बाया इथं येतो. वर्षभर जिच्याशी बोलणं टाकलं, तिला घास भरवायचा. खाणारीनं हात पाठीमागं धरायचे. माफी मागायची नाही, द्यायची नाही. गेल्या साली मी माझ्या जावेला भरवला, ठेच्यासकट. यंदा पाळी तिची. हात मागं धरून तिच्यापुढं तोंड उघडायचंय मला, आणि त्या दिवशी सकाळपासून उपाशी राहायचं असतं.