लिंबूटिंबू

“...तुम्ही गेल्यावर मी कोणाशी बोलू, असं विचारलं तिनं मला. काय सांगू, बुवा?”

प्राध्यापक खांबेटे असे रडकुंडीला आलेले मठात कोणी पाहिले नव्हते. एरवी ताठ माणूस. शाळा म्हणजे कोंडवाडा, असं भेटेल त्याला ऐकवायचे. बायको गेल्यावर त्यांनी एकुलत्या शर्वाणीला घरीच शिकवलं. पोरगी आता सोळाची. हुशार इतकी की भल्याभल्यांना गप्प करील. मैत्रीण म्हणाल तर एकही नाही.

मठाच्या अंगणात गल्लीतली पोरं पकडापकडी खेळत होती. नारोबुवांनी तिकडे बोट दाखवलं.

“पाठव तिला.”

दाराशी थांबलेल्या शर्वाणीला खांबेटे स्वतः हाताला धरून घेऊन गेले. पोरांच्या कानात काहीतरी सांगितलं, मग परत येऊन बुवांशेजारी ओट्यावर बसले.

बघता बघता पोरगी खुलली. धावली, ओरडली, खदखदून हसली. खांबेट्यांचे डोळे भरून आले.

थोड्या वेळानं ती धापा टाकत आली. “बाबा, सगळे बाद झाले. मी एकदाही नाही!” आणि पुन्हा पळाली.

“बघितलंत?” खांबेटे म्हणाले. “उगाच घाबरलो मी.”



पाणी प्यायला आलेल्या एका चिमुरडीला बुवांनी थांबवलं. “काय गं, त्या ताईला कोणीच कसं धरत नाही?”

“ती लिंबूटिंबू आहे. तिला बाद करायचं नसतं.”

“एवढी मोठी घोडी, आणि लिंबूटिंबू?”

“ह्या काकांनीच सांगितलं. तिला सवय नाही, तिला धरू नका म्हणून.”

तोंड पुसत ती गेली.

खांबेट्यांचा चेहरा पडला. अंगणात शर्वाणी जीव खाऊन पळत होती. मागे कोणीच नव्हतं.

“सोळा वर्षं...” ते पुटपुटले. “वाटोळं केलं मी तिचं.”

बुवांनी नाही म्हटलं नाही.

खांबेटे एकदम उठले. ओट्याच्या कडेला जाऊन त्यांनी पोरांना हाक मारली. “अरे, ऐका रे, तिलाही...”

बुवांनी त्यांचं मनगट धरलं.

“खाली बस. आता तेही तूच सांगणार?”