व्यवस्थापकाला नोटीस

सांगलीत लीलाताई दप्तरदारांचं तीन मजली घर होतं, सगळं भाड्याने दिलेलं. मुलीकडे नागपूरला राहायला जाताना त्यांनी घराचा कारभार करार करून मोहोळकरांकडे सोपवला. हळूहळू मोहोळकर स्वतःलाच मालक समजू लागले. शेवंता कांबळे या नर्सची खोली त्यांना मेहुण्यासाठी हवी होती. ती निघेना, तेव्हा त्यांनी तिचं पाणीच बंद केलं.

शेवंताचा फोन येताच लीलाताई सांगलीला आल्या आणि सगळ्या भाडेकरूंसमोर म्हणाल्या, "मोहोळकर, आपला करार संपला. पाणी सोडा."

मोहोळकर खुर्चीतून उठलेही नाहीत. "बाई, करार वाचा. या घरात कुणालाही नोटीस द्यायची तर ती मीच काढायची. तुम्ही परस्पर काढलेली चालत नाही."

"आणि मी सांगूनही तुम्ही काढली नाही तर?"

"तर करार तिथल्या तिथे रद्द! पण मालकांचं काम मी कधी नाकारत नाही," ते ऐटीत म्हणाले.

"मग एक नोटीस काढा. या घराच्या व्यवस्थापकाला कळवा, की त्याचं काम आजपासून बंद."

मोहोळकर हसायला गेले आणि मध्येच थांबले. नोटीस काढली तरी ते जाणार होते, नाही काढली तरी जाणार होते.

"काढताय की नाही म्हणताय?" लीलाताईंनी शांतपणे विचारलं. "मला दोन्ही चालेल."

मोहोळकरांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. तो उचलून लीलाताई शेवंताबरोबर गच्चीवरच्या टाकीकडे निघाल्या.