खोट्या नवऱ्याचा व्हिसा

परदेशी वकिलातीत व्हिसा देणारे दिवाणसाहेब अर्जदाराकडे पाहण्याआधी स्वतःच्या नखांकडे पाहत. मिरजेच्या शलाका आरगेचा नवरा त्या वकिलातीच्याच देशात जहाजं रंगवायचा. त्याला भेटायला तिने मागच्या वर्षी पर्यटक व्हिसा मागितला, तेव्हा साहेब म्हणाले होते, "नवरा तिकडे, म्हणजे तुम्ही परत येणारच नाही. नामंजूर!"

यंदा तिने पत्नी म्हणून राहायला जायचा व्हिसा मागितला. साहेबांनी लग्नाचा फोटो चिमटीत धरला.

"लग्नानंतर आठवडाभरसुद्धा एकत्र राहिला नाहीत! ही असली भातुकली मी चांगली ओळखतो, बाई. लग्न खोटं आहे."

"पक्कं ना, साहेब?"

"पक्कं! माझी नजर चुकत नाही."

"मग मागच्या वर्षीचा पर्यटक व्हिसा आज द्या. खोट्या नवऱ्यासाठी कोण तिकडे राहतंय? फिरून परत येते. आणि मी परत येणार नाही असं अजून वाटत असेल, तर नवरा खरा आहे. मग पत्नीचा द्या. दोन्हींतला कुठला, ते तुमच्या न चुकणाऱ्या नजरेला विचारा."

साहेबांनी पुन्हा नखांकडे पाहिलं. ही परत येणार नाही, हा संशय काही सुटेना. शेवटी शिक्का उचलावाच लागला, आणि तो पत्नीच्या व्हिसावर पडला.