हौदाचं माप

जनावरांना वाचा होती त्या काळी एका मळ्यात लाखी म्हैस होती. कडब्याला ती नाक मुरडायची. तिला रोज ओला लसूणघास लागे. घासाचे वाफे भिजवता भिजवता विहिरीने तळ गाठला. पाणी कोण संपवतं, हे ठरवायला जनावरं जमली.

लाखी म्हणाली, "हौद मोजा. मी दोन घोट पिते. हा बैल अर्धा हौद ओढतो."

म्हातारा बैल म्हणाला, "बये, तू पाणी खातेस. घासाचे वाफे मोज. निम्म्या घासाऐवजी कडबा खाल्लास तरी विहीर वाचेल."

"कडबा चघळणाऱ्यानं मला शिकवू नये!"

जमलेल्या शहाण्यांनी हौदच मोजला आणि बैलाला हाकललं.

पुढे विहीर आटली, घास वाळला. कोरड्या हौदापाशी लाखी म्हणाली, "ही शेळीच चोरून पीत असणार."

शेळी सोडून सगळ्यांनी माना डोलावल्या.